अजून दोन आटं

रंगराव मांडववाले कुणाच्या दारात आले की आधी माणसांची विचारपूस करत नाहीत, तारेची करतात. तार कपडे वाळत घालायची असो, कुंपणाची असो, नाहीतर केबलवाल्यानं गच्चीवरून ओढलेली असो. नखानं तिला एक टिचकी मारायची, मान तिरपी करून कान जवळ न्यायचा आणि डोळे मिटायचे. देवापुढंसुद्धा माणूस इतके डोळे मिटत नाही. मग निकाल लागतो, "बोलत न्हाई." म्हणजे तार ढिली आहे. न बोलणारी तार बघून या गृहस्थांच्या जिवाची जी तगमग होते, ती बघण्यासारखी असते. मी घरात चार-चार दिवस बोलत नाही, पण त्यापायी कुणाची एवढी तगमग झालेली मला आठवत नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या अंगणातली तार नापास केली. आले होते प्यायला पाणी मागायला. बायको तांब्या घेऊन बाहेर येते तोवर यांनी काखेतल्या पिशवीतून पान्हा आणि टर्नबकल काढला होता. टर्नबकल म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेली लोखंडी वस्तू. पान्ह्यानं फिरवली की तार आवळत जाते. तो त्यांनी आमच्या तारेत बसवला, फिरवला, टिचकी मारली, कान लावला. "अजून दोन आटं," म्हणाले आणि पुन्हा फिरवला. तार बोलली. समाधानानं घटाघटा पाणी प्यायले. मग बायकोनं भिजलेली सोलापुरी चादर तारेवर टाकली आणि भिंतीतला हूक विटेच्या ढलप्यासकट निघून चादरीबरोबर चिखलात पडला. रंगरावांनी भिंतीला पडलेल्या भोकात बोट घालून पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "वैनी, भिंत कच्ची हाय तुमची."

तारेची चूक कधीच नसते. हे तत्त्वज्ञान मला पुढं दीड वर्ष ऐकावं लागलं, कारण पाणी मागायला आलेला हा माणूस माझ्या शेताच्या कडेला नदीत एक शिडाची नाव लावून आला होता.

आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून जन्म काढला आणि निवृत्त होऊन शेताशेजारी घर बांधलं. नदीत किती पाणी आहे, कुठल्या बंधाऱ्याला पाणी अडवायचे बरगे, म्हणजे लोखंडी फळ्या, कधी घालतात आणि कधी काढतात, हे मला घरबसल्या कळतं. एवढ्या वर्षांत या नदीत मी गुळाच्या काहिलीत बसून पैलतीर गाठणारे पाहिले, भोपळे बांधून पोहणारे पाहिले, पुरात वाहून आलेली कडब्याची गंज पाहिली. शीड पाहिलं नव्हतं. नोव्हेंबरात बंधाऱ्याला बरगे घातले, पाणी तुंबलं, आणि एका सकाळी वळणावरून काहीतरी हिरवं हिरवं येताना दिसलं. मला वाटलं, तासगावकडची बेदाण्याची शेड वाहून आली.

तसं ते फार चुकीचं नव्हतं. शीड बेदाण्याच्या शेडवर घालतात त्या हिरव्या जाळीचंच होतं. जाळीतून वारा खुशाल निघून जात होता. शिडाचा उपयोग म्हणाल तर सावलीपुरता, आणि त्या सावलीत साठीचा एक काटक माणूस बांबू रेटत नाव पुढं ढकलत होता. नावेचा सांगाडा फायबरचा, कुठल्याशा बंद पडलेल्या जलक्रीडा केंद्राच्या भंगारातून उचललेला. डोलकाठी म्हणजे दोन इंची लोखंडी पाइप. आणि रंगवली होती ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणाऱ्या पेंटरनं, त्यामुळं पुढं दोन कमळं होती आणि मागं ठळक अक्षरांत 'अंतर ठेवा' असं लिहिलं होतं. कृष्णेत मागून कोण धडकणार होतं, ते त्या पेंटरलाच माहीत.

"तीन दिसांचा मुक्काम हाय, सायेब," रंगराव म्हणाले. "पुलाखालनं यायला काठी पाडली हुती, ती नीट हुबी करायची, तारा बदलायच्या, की निगालो."

तीन दिवस! मी ते शब्द खरे मानले आणि बाभळीला नाव बांधायला परवानगी दिली. सरकारी नोकरीत मी कुणाच्याही तोंडी शब्दावर कधी विश्वास ठेवला नव्हता. निवृत्तीनंतर माणसाची अक्कल अशी कमी होते.

नाव निघाली होती कराडहून, संगमावरून. ती निघूनही तेव्हा वर्ष झालेलं होतं. वाटेत प्रत्येक पुलाखाली डोलकाठी आडवी करायची, पलीकडं गेलं की पुन्हा उभी करायची, तिच्या चारी तारा पुन्हा ओढायच्या. बंधारा आला की नाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून पलीकडं न्यायची, तिथं पुन्हा काठी, पुन्हा तारा. असा प्रवास. जायचं कुठं, तर सांगलीच्या खाली, कर्नाटकाच्या शिवेवरच्या एका गावाला. आमच्या गावाहून तिथं एसटीनं दीड तास लागतो. मिरजेला गाडी चुकली तर दोन.

"लांबच्या सफरीत तारा बदलायाच लागत्यात," असं ते मला मोबाइल दाखवून पटवायचे. मोबाइलवर एक गोरं जोडपं होतं. जगाची फेरी मारायला शिडाच्या बोटीतून निघालेलं. ते दोघं कुठल्याशा बेटावर थांबून बोटीची एकूण एक तार उतरवत होते, नवी चढवत होते, आणि त्या कामात त्यांचे महिने गेले होते. रंगरावांना इंग्रजीचा गंध नाही. आवाज बंद करूनच ते बघायचे. "बगा, बगा, काठीवर चडली बाई. तार तपासतीया." त्या जोडप्यानं त्याआधी एक अख्खा महासागर ओलांडला होता, हा बारकावा रंगरावांच्या लेखी नव्हता. ते दोघं थांबलेत, आपणही थांबलोय. दोघंही दर्यावर्दी.

आता त्यांच्या धंद्याचं सांगितलं पाहिजे, म्हणजे या वेडाचं मूळ कळेल. मांडववाले हे आडनाव नव्हे. द्राक्षबागेत वेली ज्यावर चढतात तो मांडव उभा करण्याचं काम त्यांनी तीस वर्षं केलं. लोखंडी अँगल रोवायचे, त्यावर आडव्याउभ्या तारा ओढायच्या आणि बांधाला पुरलेल्या दगडांना आवळून टाकायच्या. तासगाव भागात त्यांनी घातलेले मांडव अजून उभे आहेत, हे मलाही नाइलाजानं कबूल करावं लागतं. मांडवाचा गुण एकच, तो हलता कामा नये. आणि नावेचा गुण एकच, ती हलली पाहिजे. हे मी त्यांना किमान पन्नास वेळा सांगितलं असेल.

"ताण पायजे, सायेब, ताण," ते म्हणायचे. "आमच्या मांडवाला पंचवीस वर्सं झाली, एक तार ढिली न्हाई."

"अहो, पण मांडव प्रवासाला निघत नाही!"

"ढिल्या तारंवर कोन प्रवास करतंय?"

एवढं बोलून ते पान्हा उचलायचे. सकाळी उठून चारी तारांना टिचक्या मारायच्या. एक जरा कमी बोलली की तिला दोन आटे. तिला दिले की समोरची कमी बोलते, मग तिला दोन. दुपारपर्यंत काठी वाकायची. मग सगळं सोडायचं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून. गावात त्यांना 'कप्तान' म्हणायला लागले. मीच ते नाव पाडलं होतं, आणि त्याचा मला बरेच दिवस अभिमान होता.

हे सगळं कशासाठी चाललंय, ते कळलं त्यांच्या बायकोकडून. शालनबाई. दर पंधरवड्याला एसटीनं यायच्या. नवऱ्याला भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि धुतलेले कपडे द्यायच्या, मळके पिशवीत कोंबायच्या आणि त्याच एसटीच्या मार्गानं पुढं जायच्या, नवरा ज्या गावाला नावेतून निघालाय त्या गावाला. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चहाचा कप खाली ठेवला.

"लेक हाय आमची तितं," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "वैशाली. एकुलती एक. ह्येंच्याच टोळीत तार वडणारा शिवाप्पा हुता, त्येच्यासंगं लगीन केलं तिनं, न सांगता. ह्ये गेलं त्या गावाला तावातावानं. चावडीम्होरं भंडारा उचलला, की ह्या गावच्या मातीला पुन्ना माजा पाय लागनार न्हाई. आन् आलं घरी. वरीसभर तिचं नाव न्हाई काडलं. मग एक दिस भाकरी खाता खाता इचारत्यात, 'त्या गावाला नदी हाय न्हवं?'"

म्हणजे असा हा मामला. खंडोबाचा भंडारा उचलून घेतलेली शपथ, ती मोडायची नाही. पण शपथ मातीची आहे, पाण्याची नाही. नाव घाटाला लावायची, आपण नावेतच बसायचं, लेकीनं घाटावर यायचं. शपथ शाबूत आणि भेट पक्की. साठीच्या माणसानं काढलेली ही तोड ऐकून मी इतका हसलो की बायको आत निघून गेली.

मी त्यांना म्हटलं, "अहो, जीप करा. जीपमधून दारात जा, खाली उतरू नका. पाय कुठं लागतोय मातीला?"

त्यांनी माझ्याकडं, मी काहीतरी फार हलकं बोललोय अशा नजरेनं पाहिलं. "दारात जायाचं आन् गाडीतनं उतरायचं न्हाई? त्यो अपमान हुतोय घराचा, सायेब. पावना दारात आला की त्यानं उतरायला पायजे. नावंतल्या माणसाला कोन उतर म्हनत न्हाई. मदी पानी असतंय."

रीतिरिवाजाचं एवढं बारीक भान असलेल्या माणसानं मुलीला चावडीपुढं तोडलं होतं, हे मी बोललो नाही. मनात मात्र ते मी जपून ठेवलं.

पहिला उन्हाळा तारा बदलण्यात गेला. मे अखेर बंधाऱ्याचे बरगे निघाले, नदी आटली, नाव माझ्या शेताच्या टोकाला बाभळीखाली ओढून ठेवली. आणि तिथं रंगरावांनी पराक्रम केला. पावसाळ्यात पाणी चढलं तर नाव वाहून जाऊ नये म्हणून त्यांनी चार कोपऱ्यांना चार दगड पुरले आणि नाव मांडवासारखी चारी बाजूंनी तारांनी जमिनीला आवळून टाकली. टिचकी मारली. तारा बोलल्या. जुलैत पाणी चढलं. माझ्या शेतात कमरेइतकं झालं. गोठ्यातली म्हशीची लाकडी गव्हाण तरंगली, पत्र्याचं पिंप तरंगलं, शेजारच्याची बाजसुद्धा तरंगली. अख्ख्या शिवारात एकच वस्तू तरंगली नाही, ती म्हणजे नाव. पाणी वर चढत गेलं आणि नाव जिथल्या तिथं, ताठ, एक वीतही न हलता बुडाली. रंगराव माझ्या गच्चीवर उभे राहून बघत होते. "बांदनी बगा," म्हणाले. "हालली का?"

 

दुसऱ्या नोव्हेंबरात पाणी आलं, नाव पुन्हा पाण्यात गेली. हिरवी जाळी जाऊन निळी ताडपत्री आली. माझंच बोलणं सोसवेना म्हणून आणली असावी. आता निघतील, मग निघतील असं करता करता फेब्रुवारी गेला, मार्च गेला. प्रत्येक वेळी सगळं तयार असायचं. शिदोरी बांधलेली, बांबू हातात. आणि नेमकं त्याच वेळी एखादी तार बोलायची बंद व्हायची. "अजून दोन आटं, सायेब. उद्या निगू." मी त्यांना तोंडावर आळशी म्हटलं, रिकामटेकडा म्हटलं. एकदा तर पारावर सगळ्यांसमोर त्यांची नक्कल केली. लोक पोट धरून हसले. रंगराव मागं उभे होते ते मला नंतर कळलं. कळल्यावरही फार वाईट वाटलं असं नाही.

मे महिन्यात शालनबाई आल्या त्या नेहमीच्या दिवशी नाही, मधेच आल्या. ओट्यावर बसल्या, पाणीसुद्धा न घेता नवऱ्याला हाक मारली.

"शिवाप्पाला नाशकाकडं काम लागलंय. मांडवाचंच. पावसाच्या आदी घर हालवत्यात समदं. पोरगी पाच म्हैन्यांची झाली तिची, तुमी तोंड न्हाई बगितलं. आता काय करताय बगा. नाशकाला किष्णा न्हाई जात."

रंगराव पान्हा हातात धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बरगं कवा काडनार, सायेब?"

मी खात्यातल्या जुन्या माणसाला फोन लावला. दहा-बारा दिवसांत काढणार होते. त्यानंतर नदीत नाव बुडवायलाही पाणी उरणार नव्हतं. आताच निघाले तर बंधारे आणि पूल धरूनही आठवड्यात पोचता येण्यासारखं होतं. दीड वर्षात पहिल्यांदा मी त्यांच्याशी नीट बोललो. "उद्या निघा. काहीही बदलू नका. आहे तसे निघा."

"गुरवारी निगतो," ते म्हणाले. मधे दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत त्यांनी कुंडलहून नवी तार आणून चारी ताण नव्यानं घातले. मी कपाळावर हात मारला.

गुरुवारी सकाळी अर्धा गाव काठावर. बायका, म्हातारे, ऊसतोडीचे राहिलेले ट्रॅक्टरवाले. कुणीतरी हलगीसुद्धा आणली होती. नाव कमरेइतक्या पाण्यात उभी होती, ताडपत्री वाऱ्यानं फडफडत होती, आणि कधी नव्हे ते वारा योग्य बाजूचा होता. रंगराव नवा सदरा घालून नावेत चढले. नारळ हातात घेतला. फोडणार, तेवढ्यात त्यांचा हात सवयीनं उजव्या तारेकडं गेला. टिचकी. कान. डोळे मिटले.

"नको!" मी काठावरून ओरडलो. "रंगराव, नको! निघा!"

"अजून दोन आटं," ते म्हणाले.

पहिला आटा फिरला. दुसरा अर्धा फिरला असेल. तडकन आवाज झाला. काठीला वरून चार तारा खाली ओढतात आणि काठी नावेच्या तळावर टेकलेली असते. बिचाऱ्या तळानं दीड वर्ष सोसलं आणि आता सोसायचं सोडून दिलं. लोखंडी पाइप हातभर खाली गेला, नावेच्या बुडातून आरपार. चारी तारा एकदम ढिल्या पडल्या. भोकातून पाणी उसळलं आणि नाव खाली बसली, सावकाश. रंगराव कमरेपर्यंत पाण्यात, एका हातात पान्हा. नारळ तरंगत माझ्याकडं आला.

हसणं असं झालं की हलगीवाल्याला हलगी धरवेना. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. दीड वर्षाचा राग होता. आणि हसता हसता जपून ठेवलेलं ते वाक्य तोंडातून गेलं. "ताण, ताण! पोरीलाही असंच ताणलं होतं का हो?"

रंगरावांनी पाण्यातूनच माझ्याकडं पाहिलं. "व्हय, सायेब," म्हणाले. "तसंच."

मग गर्दी पांगली. मी घरी आलो, पण घरात बसवेना. बायकोनं चहाचा कप आणि टॉवेल माझ्या हातात दिला. मी परत गेलो. रंगराव काठावरच्या धोंड्यावर ओल्या कपड्यांनी बसले होते. बुडालेल्या नावेची काठी तेवढी तिरकी पाण्याबाहेर दिसत होती. मला माफी मागायची होती, पण ती सवय नाही. मी कप पुढं केला.

"एक सांगू का, सायेब," ते चहा न पिता म्हणाले. "बरं झालं."

"बरं काय झालं त्यात?"

"भंडारा उचलून मी निगालो, तवा ती दारात हुबी हुती. मला म्हनली, 'आप्पा, तुमी पाय लावनार न्हाई न्हवं, मग मी बी तुमच्यासाठी उंबरा वलांडून भाईर येनार न्हाई.' माजीच लेक. मोडंल पन वाकायची न्हाई. हितनं जायाचं, नाव घाटाला लावायची, निरोप धाडायचा. आन् ती आलीच न्हाई तर? माघारी नाव कुटं न्यायची मी? हितं हाय तवर तार ढिली हाय म्हनून थांबलोय, असं म्हनता येतंय."

मी दीड वर्ष ज्याला वेडेपणा म्हणत होतो, आळस म्हणत होतो, पारावर नक्कल करून दाखवत होतो, ती भीती होती. मला माझीच लाज वाटली. आणि लाज वाटली की मला राग येतो, तसा तो आला.

"रंगराव," मी म्हटलं, "तुम्ही मातीला पाय लावणार नाही. ती उंबरा ओलांडणार नाही. बरोबर?"

"बराबर."

"आणि नावेतल्या माणसाला कुणी उतर म्हणत नाही."

"न्हाई म्हनत."

"मग नाव घाटाला कशाला न्यायची? दाराला लावू. ट्रॉलीतून."

त्यांनी पाण्याबाहेरच्या तिरक्या काठीकडं पाहिलं. "बुडाला भोक हाय, सायेब."

"ट्रॉलीत पाणी नसतं!"

दुसऱ्या दिवशी नाव काढली, ट्रॉलीत चढवली. काठी आडवी ठेवली, कारण रस्त्यात विजेच्या तारा. शालनबाई पहाटेच्या एसटीनं पुढं गेल्या, लेकीला आधी काही सांगायचं नाही अशा बोलीवर. मी ट्रॅक्टरवर ड्रायव्हरशेजारी बसलो. कालवा निरीक्षक असताना मी जीपशिवाय हललो नव्हतो. भिलवडी, सांगली, पुढं सगळीकडं लोक थांबून बघत होते. एकानं विचारलं, पूर येणार आहे का. त्या गावची शीव आली तसे नावेत बसलेल्या रंगरावांनी पाय पोटाशी घेतले.

गल्लीच्या तोंडाशी ते म्हणाले, "थांबा. काठी हुबी करायची. काठीबिगर नाव म्हंजी नुसता हौद." मलाही ते पटलं. मी ट्रॉलीत चढलो. तळाच्या भोकावर एक फळी टाकली, तिच्यावर काठी टेकवली, चारी तारा अडकवल्या. पान्हा मी माझ्याकडं घेतला होता. टर्नबकल हातानं फिरेल तेवढाच फिरवला. रंगरावांचा हात दोनदा पुढं आला. मी दिला नाही.

ट्रॅक्टरनं ट्रॉली मागं मागं घेत दाराशी लावली. दारासमोर 'अंतर ठेवा' आलं. घरात बांधाबांध चाललेली होती, अंगणात गाठोडी. वैशाली दारात आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. उंबऱ्याच्या आत. तिच्यामागं शालनबाई, कडेवर नात. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. बाप नावेत, लेक दारात, मधे चार पावलं. मला वाटलं, आपण हे काय करून ठेवलं.

ती बापाकडं बघत नव्हती. तिची नजर काठीवर गेली, तिथून खाली तारेवर आली.

"डावी तार ढिली हाय, आप्पा," ती म्हणाली.

"व्हय."

"आवळा की. दोन आटं."

रंगरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी पान्हा पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "लय आवळलं की बूड फुटतंय. कालच बगितलं."

तिनं ओठ दाबले. चौकट सोडली, आईच्या कडेवरून पोरगी घेतली आणि उंबरा ओलांडून सरळ ट्रॉलीपाशी आली. दोन्ही हातांनी पोरगी वर उचलून धरली. रंगराव नुसते सदऱ्याला हात पुसत राहिले, घ्यायला पुढं होईनात. शेवटी मी धरून त्यांच्या मांडीवर ठेवली. मग जेवणं झाली. नावेतल्या माणसाचं ताट नावेत. शिवाप्पानं आपलं ताट घेऊन त्यांच्यासमोर नावेच्या काठावर बैठक मारली. दोघं नाशिककडच्या अँगलविषयी बोलत होते. मी दोनदा पाणी मागितलं आणि तिखटाला दोष दिला.

जूनमध्ये ती मंडळी नाशिककडं गेली. नाव पुन्हा माझ्या बाभळीखाली आली. मला वाटलं, आता भंगारात जाईल. तर परवा रंगराव फायबरचं भोक बुजवत बसलेले. मी जवळ गेलो तर विचारतात, "सायेब, गोदावरीला बरगं कवा घालत्यात?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, नाशिकच्या मातीवर तुम्ही कुठला भंडारा उचललाय? ती मोकळी आहे तुम्हाला. एसटीत बसा आणि जा!"

"जाईन की," ते म्हणाले. "पन एसटीनं गेलेल्या बापानं लेकीच्या घरी किती दिस ऱ्हायाचं? दोन. तिसऱ्या दिशी लोक इचारत्यात, कवा निगालासा. नाव घिऊन गेलं म्हंजी मुक्काम पडतोय. तारा बदलायला किती दिस लागत्यात, ते तुमाला ठावंच हाय."

पान्हा त्या दिवसापासून माझ्याकडंच होता. घरात जाऊन मी तो आणला आणि त्यांच्या हातात दिला.